क्लिअर कोट काढून अलॉय व्हील आरशासारखं करायचं असेल तर

प्रश्न असा आहे: अलॉय व्हील्स सात वर्षं जुनी. स्पोकचा दर्शनी भाग लेथवर कापलेला, चंदेरी. मधल्या खोबणी काळ्या रंगाच्या. क्लिअर कोट (वरचा पारदर्शक थर) पिवळा पडलाय, कडांना पोपडे सुटलेत आणि कोटाखाली केसाएवढ्या पांढऱ्या रेघा पसरत चालल्यात. गाडी रोज चालते, उघड्यावर उभी असते. पेंट रिमूव्हरने सगळा कोट काढून, पॉलिश पेपर मारून चाकं आरशासारखी करायची आहेत. तर रिमूव्हर कोणता, पेपर कितव्या नंबरचा, आणि शेवटी परत क्लिअर मारायचा की नाही?

चाकं उतरवून, घासून, चकचकीत करून द्यायचं काम मी बरीच वर्षं करतोय आणि हा प्रश्न मला जवळजवळ नेहमी याच क्रमाने येतो: आधी रिमूव्हर, मग पेपर, सगळ्यात शेवटी क्लिअर. मी तो उलट्या बाजूने सोडवतो. कोट गेल्यावर कोटाचं काम कोण करणार, हे आधी ठरलं पाहिजे. तुमचा खरा प्रश्न तोच आहे. रिमूव्हर आणि पेपर या त्यामानाने सरळ गोष्टी आहेत, त्यांच्याकडे येतोच.

क्लिअर कोट चमक यावी म्हणून मारलेला असतो असं बऱ्याच जणांना वाटतं. लेथवरून उतरलेलं अ‍ॅल्युमिनियम मुळातच चमकतं. कोट असतो तो त्या चमकत्या धातूपर्यंत पाणी, मीठ, ब्रेकची धूळ आणि धुण्याची रसायनं पोहोचू नयेत म्हणून. तो पातळ असतो, साधारण ३० ते १०० मायक्रॉन. स्प्रेने मारलेला पातळ, पावडरचा (भट्टीत वितळवून बसवलेला) जाड. आणि तो सगळीकडे सारखा बसत नाही. ओला कोट धारदार कडेवरून मागे ओढला जातो, त्यामुळे लेथने कापलेल्या भागाच्या कडेवर तो सगळ्यात विरळ राहतो. तुमचे पोपडे कडांपासून सुरू झालेत ते त्यामुळेच. तिथे एखादा खडा लागला किंवा फुटपाथची कड घासली की बारीक भेग पडते, खारट ओल आत शिरते आणि कोटाखालून पुढे पुढे सरकायला लागते. रेघेच्या टोकाशी आम्लधर्मी ओल धातू खात जाते आणि मागे पांढरी पूड सोडते. तुम्ही ज्यांना केसाएवढ्या रेघा म्हणताय त्या याच. याचा अर्थ एवढाच, की त्या रेघांखाली धातूत बारीक चर पडलेले आहेत. कोट काढला की रेघ जाईल, चर तिथेच राहील. तो घासूनच काढावा लागेल, आणि तो किती खोल आहे हे कोट निघाल्याशिवाय कळत नाही.

आता चाक नेमकं कशाचं आहे ते बघा. तुमचं वर्णन वाचून मला बरीचशी खात्री आहे, तरी मी स्वतः तपासल्याशिवाय रिमूव्हरचा डबा उघडत नाही. मेटल पॉलिशचा एक थेंब पांढऱ्या फडक्यावर घ्या आणि चाक धुऊन चांगल्या दिसणाऱ्या जागी अर्धा मिनिट घासा. फडकं काळं पडलं तर खाली उघडं अ‍ॅल्युमिनियम आहे. पांढरंच राहिलं तर मध्ये काहीतरी आहे. मल्टिमीटर असेल तर त्याची दोन टोकं पृष्ठभागावर हलकी टेकवा. उघडा धातू वीज वाहून नेईल, क्लिअर कोट नेणार नाही. टोकं दाबू नका, कोट टोचून आत गेली तर उत्तर चुकेल. एक अपवाद लक्षात ठेवा: अ‍ॅनोडाइज केलेलं चाकही वीज नेत नाही आणि फडकंही काळं करत नाही, पण तो थर रंगाचा नसून अ‍ॅल्युमिनियमच्याच ऑक्साइडचा असतो. पेंट रिमूव्हर त्याला काही करत नाही. दोन-तीनदा रिमूव्हर लावूनही सुरकुतीसुद्धा पडली नाही तर हा संशय घ्या.

क्रोम असेल तर थांबाच. निळसर झाक असलेली आरशासारखी चमक आणि तरीही सोललेले पापुद्रे, असं दिसलं तर तो क्रोमचा थर आहे, आणि तो पेपरने घासायची गोष्ट नाही. काही चाकांवर तर क्रोमचा थर दिलेलं प्लास्टिकचं आवरण चिकटवलेलं असतं. नखाने वाजवलं की पोकळ आवाज येतो. फार हलकं, जुनं, शर्यतीच्या गाडीचं वगैरे चाक असेल तर ते मॅग्नेशियमचंही असू शकतं. मागच्या बाजूला कोट खरवडून व्हिनेगरचा थेंब टाका. बुडबुडे आले तर त्याला हात लावू नका, कारण मॅग्नेशियमची पूड पेट घेते.

तुमच्या चाकाची खरी अडचण त्याच्या दोन रंगांत आहे. रिमूव्हरला चंदेरी भागावरचा क्लिअर आणि खोबणीतला काळा रंग यातला फरक कळत नाही. साधी मास्किंग टेप तो मिनिटांत विरघळवतो. अ‍ॅल्युमिनियम फॉइलची टेप जरा टिकते, पण तिच्या कडेखालूनही तो झिरपतोच. म्हणून दोन रंगांच्या चाकावर मी रिमूव्हर वापरतच नाही, किंवा वापरायचाच असेल तर काळा भाग पुन्हा रंगवायची तयारी ठेवून वापरतो. काळा रंग वाचवायचा असेल तर दर्शनी भागावरचा क्लिअर पेपरनेच घासून काढायचा. वेळ जास्त लागतो, पण भाग सपाट असल्याने ते जमतं. शिवाय नंतर धातू घासायचाच आहे, त्यामुळे त्या मेहनतीतली बरीच वाया जात नाही.

अख्खं चाक उघडं करायचं असेल, काळ्या खोबणींसकट, तर रिमूव्हर. आधी चाक गाडीवरून काढा. गाडीवरच रिमूव्हर लावला तर त्याचे ओघळ ब्रेकच्या कॅलिपरवर, रबरी नळ्यांवर आणि बॉडीच्या रंगावर जातात. टायर काढून घेतलेला सगळ्यात बरा, कारण रिमूव्हरने रबर फुगतं. हवेचा दाब मोजणारा सेन्सर व्हॉल्व्हला असेल तर तोही काढून ठेवा. आणि चाकाची मागची बाजू, आतली नळीसारखी भिंत आणि टायर जिथे बसतो ती कड, या तिन्हींवरचा कोट जसा आहे तसा राहू द्या. याबाबतीत मी फार आग्रही आहे. ब्रेकची तापलेली लोखंडी धूळ सगळ्यात जास्त आतल्या भिंतीवर बसते, आणि टायरच्या बैठकीवर गंज धरला की हवा हळूहळू सुटायला लागते. तिथली चमक कोणी बघत नाही, तिथलं संरक्षण मात्र रोज कामाला येतं.

रिमूव्हर कोणता, तर डबा उलटा करून घटक वाचा. जुने जोरदार रिमूव्हर मिथिलीन क्लोराइडचे. दहा-पंधरा मिनिटांत कोट उचलून येतो हे खरं, पण त्याची वाफ हवेपेक्षा जड असते, खाली साठते, आणि शरीरात गेल्यावर त्यातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. बंद खोलीत ते वापरताना माणसं गेलेली आहेत. अमेरिकेने २०१९ साली घरगुती वापरासाठी अशा रिमूव्हरच्या विक्रीवर बंदी घातली ती याच कारणाने. पातळ नायट्राइलचे हातमोजे त्यापुढे काही मिनिटंही टिकत नाहीत. मी आता बेंझाइल अल्कोहोलवर चालणारे रिमूव्हर वापरतो. ते तासन्‌तास घेतात, पावडर कोटवर कधी रात्रभर ठेवावे लागतात, पण काम करतात. तरीही जाड ब्युटाइल रबराचे हातमोजे, डोळ्यांवर बंद चष्मा आणि उघडी हवा हे हवंच.

लावायची पद्धत अशी. चाक धुऊन, वंगण काढून, कोरडं करा. कोटावर १२० नंबरच्या पेपरने नुसते ओरखडे पाडा, धातूपर्यंत जाऊ नका; पावडर कोट असेल तर रिमूव्हरला आत शिरायला वाट मिळते. मग ब्रशने जाड थर एकाच दिशेने लावा. भिंत रंगवल्यासारखा ब्रश मागेपुढे फिरवला की वर तयार होणारी साय मोडते आणि रिमूव्हर उडून जातो. वर प्लास्टिकचा कागद गुंडाळा, चाक सावलीत ठेवा, आणि डब्यावर लिहिलेला वेळ पुरा होऊ द्या. सुरकुत्या पडल्या की प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा, नटच्या खड्ड्यांभोवती आणि कोपऱ्यांत नायलॉनचा ब्रश. दोन-तीन फेऱ्या लागतील असं धरूनच चला. शेवटी भरपूर पाण्याने आणि साबणाने धुवा. खरवडलेला चिखल गटारात सोडू नका. जुन्या डब्यात गोळा करून घातक कचऱ्यातच द्या.

तीन गोष्टी कधीच करू नका. कॉस्टिक सोडा: तो कोटासोबत अ‍ॅल्युमिनियमही खातो, त्यातून हायड्रोजन सुटतो आणि चाक काळपट, खरबरीत होऊन बसतं. भट्टीत जाळून कोट काढणं: बहुतेक ओतीव चाकं ए३५६ नावाच्या मिश्रधातूची असतात आणि त्यांची ताकद साधारण १५० ते १७० अंश सेल्सिअसला काही तास ठेवून आलेली असते. ३५०-४०० अंशांच्या भट्टीत ती ताकद निघून जाते आणि बाहेरून काहीही कळत नाही. असं मऊ पडलेलं चाक खड्ड्यात वाकतं किंवा त्याला तडा जातो. तिसरं, वाळूचा मारा. कोट झटकन जातो, पण पृष्ठभाग लिंबाच्या सालीसारखा होतो आणि तो सपाट करायला तुम्हाला ठरवल्याच्या दुप्पट धातू घासावा लागतो. चाक परत रंगवणाऱ्याला वाळूचा मारा सोयीचा आहे, पॉलिश करणाऱ्याला नाही.

कोट पूर्ण निघाला का, हे डोळ्यांनी ओळखणं अवघड असतं, कारण क्लिअर दिसतच नाही. माझी खूण पाण्यातली आहे. ६०० नंबरचा वॉटर पेपर ओला करून हलका फिरवा. सुटणारं पाणी दुधासारखं पांढरं असेल तर अजून कोट घासला जातोय. करडं-काळं झालं की धातू लागला. जिथे पाणी पांढरं, तिथे परत रिमूव्हर किंवा परत पेपर. न निघालेल्या कोटाचं असं बेट राहिलं तर पुढचं सगळं पॉलिश त्यावरून घसरत राहतं आणि शेवटी तिथे धुरकट डाग दिसतो.

आता घासणं. आरशासारखी चमक पॉलिशने येत नाही, ती घासण्याने येते, आणि माझ्याकडे बिघडून आलेल्या चाकांपैकी बहुतेक इथेच बिघडलेली असतात. पॉलिश फार बारीक कणांचं असतं. ते १५००-२००० नंबरच्या पेपरने सोडलेल्या लकेरी पुसू शकतं, ४०० च्या नाही. त्यामुळे एका पेपरने पाडलेली प्रत्येक लकेर पुढच्या पेपरने निघालीच पाहिजे. नाहीतर ती शेवटच्या आरशात उठून दिसते, आणि मग तिच्यासाठी चार पायऱ्या मागे जावं लागतं.

सुरुवात कितव्या नंबरने करायची हे मी आधी सांगू शकत नाही, चाक बघूनच कळतं. नियम एवढाच, की दोष काढू शकेल असा सगळ्यात बारीक पेपर आधी घ्यायचा (नंबर जितका मोठा तितका पेपर बारीक). आधी ६०० मारून बघा. चर तसाच दिसत असेल तर ४००, मग ३२०. तुमच्या चाकावर लेथच्या गोल रेघा आहेत. जवळून पाहिलं तर त्या ग्रामोफोनच्या तबकडीवरच्या खाचांसारख्या असतात, आणि आरसा हवा असेल तर त्या पूर्णपणे घासून काढाव्या लागतात. माझ्या अनुभवात त्यांना ३२० लागतोच. फुटपाथला घासलेल्या कडेला २४० लागू शकतो. त्याहून जाड पेपर घ्यायची वेळ आली तर ते पॉलिशचं काम उरलेलं नाही, दुरुस्तीचं झालंय. आणि तिथे ग्राइंडरला चकती लावून खोल चर भराभर कोरून काढण्याचा मोह टाळा. दर्शनी भागाची जाडी ही चाकाच्या ताकदीचा भाग आहे.

मग ३२०, ४००, ६००, ८००, १०००, १५००, २०००. सगळं ओलं, पाण्यात भांड्यांच्या साबणाचा थेंब टाकून. सपाट भागावर पेपर रबराच्या किंवा कडक स्पंजच्या ठोकळ्याला गुंडाळा. नुसत्या बोटांनी घासलं तर बोटांच्या दाबाच्या नाल्या पडतात आणि त्या फक्त चमक आल्यावरच दिसतात. दर नंबरला दिशा बदला: ३२० आडवा मारला तर ४०० उभा. उभं घासताना आडव्या लकेरी दिसेनाशा झाल्या की ४०० चं काम झालं, त्याआधी नाही. ही एक सवय लावून घेतली तर कुठे थांबायचं हा प्रश्नच उरत नाही. प्रत्येक नंबरनंतर चाक धुवा, पाणी बदला, हात धुवा. मागच्या पेपरचा एक कण पुढच्या पेपरखाली आला तर तो एकटाच लांब चरा पाडतो. अंधाऱ्या जागी टॉर्च जवळजवळ आडवी धरून तपासा. समोरून उजेड टाकला तर काहीच दिसत नाही.

सगळ्यात जास्त वेळ पहिल्या दोन नंबरांना द्या. एका साध्या पाच स्पोकच्या चाकाला मला हाताने सहा ते आठ तास लागतात, त्यातले निम्म्याहून जास्त ३२० आणि ४०० वर जातात. १००० नंतर काम भराभर सरकतं. नवीन माणूस बरोबर उलटं करतो: ३२० कंटाळून लवकर सोडतो आणि २००० वर तासभर घालवतो. ४०० वरून थेट १००० वर उडी मारणं हाही त्याचाच प्रकार आहे.

घासताना कधी कधी टाचणीच्या टोकाएवढी भोकं दिसायला लागतात. ती गंजाची नसतात. ओतीव धातूत ओततानाच अडकलेले वायूचे बुडबुडे असतात ते, आणि वरचा घट्ट थर घासला गेला की उघडे पडतात. आणखी घासलं तर खाली आणखी सापडतात, म्हणून ती दिसली की खोल जाणं थांबवा. ओतीव चाकात सिलिकॉनही जास्त असतं, साधारण ७ टक्के, त्यामुळे त्याचा आरसा किंचित करडा राहतो. घडीव चाकाचा आरसा जास्त स्वच्छ, पांढरा येतो. फोटोत पाहिलेली झगमगती चाकं बऱ्याचदा घडीव असतात. तुमची तशी होतील असं मी म्हणणार नाही, पण दोन हातांवरून चेहरा ओळखू येईल इतकी नक्की होतील.

नटच्या उतरत्या बैठकी आणि हबला टेकणारी मागची सपाट बाजू यांना पेपर, पॉलिश काहीही लावू नका. नट घट्ट राहणं त्या पृष्ठभागांवर अवलंबून असतं. आणि तारेचा काथ्या वापरू नका. त्याचे लोखंडी कण मऊ अ‍ॅल्युमिनियममध्ये रुततात आणि ओल लागली की त्यांच्याभोवती गंज सुरू होतो. कोपऱ्यांसाठी नायलॉनचा घासण्याचा पॅड पुरतो.

बफिंगबद्दल थोडक्यात. ड्रिल मशीनला ७५ ते १०० मिलिमीटरचा सुती बफ (कापडाची चकती), वेग मिनिटाला दोन-अडीच हजार फेरे, खोबणींसाठी शंकूसारखा बफ. बफला लावायच्या घट्ट पॉलिशची आधी तपकिरी वडी, मग पांढरी. हिरवी वडी स्टीलसारख्या कठीण धातूची, अ‍ॅल्युमिनियमला तिची गरज नाही. प्रत्येक वडीचा बफ वेगळा ठेवा, एकाच बफवर दोन्ही कधी लावू नका. दाब हलका. चाक हाताला चटका देण्याइतकं तापलं तर वडी वितळून चिकटते आणि काळे ओघळ पडतात. बफ कडेवरून बाहेर उतरत फिरला पाहिजे. कडेवर चढायला लागला तर तो अडकतो आणि मशीन हातातून हिसकावून घेतो. मास्क लावाच, तपकिरी वडीच्या धुळीत सिलिका असते. ज्या जागी लोखंड कापून ठिणग्या उडतात तिथे हे काम करू नका, अ‍ॅल्युमिनियमची कोरडी पूड आणि ठिणगी एकत्र येणं धोक्याचं आहे. आणि गाडी जॅकवर चढवून, इंजिन चालू करून, फिरत्या चाकाला पेपर किंवा फडकं लावायचा प्रकार काही जण करतात. त्यात बोटं गेलेली आहेत. ते नकोच.

शेवटी जो काळा, चिकट थर राहतो तो फडक्याने नुसता इकडून तिकडे फिरतो. त्यावर कॉर्नफ्लोअर भुरभुरवा आणि मऊ, स्वच्छ मायक्रोफायबरने पुसा. ते वडीतलं मेण आणि तेल शोषून घेतं, आणि खरा आरसा तेव्हा दिसतो.

इथवर आलात की मूळ प्रश्न परत उभा राहतो. अ‍ॅल्युमिनियमवर हवेत लगेच ऑक्साइडचा थर येतो, पण तो काही नॅनोमीटरचाच असतो आणि पारदर्शक असतो, त्याने चमक जात नाही. चमक घालवतात ती मीठ, ओल, लोखंडी धूळ आणि आम्ल किंवा अल्कली असलेले चाक धुण्याचे द्रव. एकदा मी अगदी सारखे दोन संच एकाच आठवड्यात करून दिले होते. एक गाडी छपराखाली उभी असायची, सुट्टीच्या दिवशीच निघायची. दुसरी समुद्राजवळ, रोजची. पहिली चाकं चार महिन्यांनी नुसती पुसली तरी पुरेशी होती. दुसरी तीन आठवड्यांत दुधाळ झाली, आणि ब्रश न लावता नुसत्या रसायनाने गाडी धुणाऱ्या यंत्रातून एकदा गेल्यावर त्यांच्यावर करडे ओघळ उमटले. ते काढायला मला १५०० पासून परत सुरू करावं लागलं. काम तेच, हात तेच. म्हणून मी विचारणाऱ्याला आधी विचारतो: गाडी कुठे उभी असते आणि धुतं कोण?

मग परत क्लिअर का मारू नये? कारण क्लिअरला धरायला खरबरीतपणा लागतो, आणि तुम्ही नेमका तोच सात तास घासून घालवलेला असतो. आरशावर स्प्रेच्या डब्यातला क्लिअर मारला की सुरुवातीला सुंदर दिसतं. पहिल्या खड्याने भेग पडली की तो प्लास्टिकच्या कागदासारखा सोलून येतो, आणि त्याच्याखाली त्याच पांढऱ्या रेघा. वडीचं मेण एखाद्या खाचेत राहिलं असेल तर आणखी लवकर. क्लिअर टिकवायचा असेल तर धातूवर आधी रासायनिक प्रक्रिया करून पकड देणारा थर तयार करावा लागतो, मग पावडरचा क्लिअर भट्टीत पक्का करावा लागतो. हे यंत्रसामग्री असलेल्या जागीच होतं, आणि तेव्हाही आरसा थोडा मंदावतो. उघड्या धातूवर मेण किंवा सीलंट लावलेलं चांगलंच, त्याने धूळ चिकटायची कमी होते, पण ते कोटाची जागा घेत नाही. काही आठवड्यांनी परत लावावंच लागतं.

उघडी चाकं ठेवायची असतील तर दर आठवड्याला साध्या, तटस्थ शाम्पूने धुवायची, पाणी टिपून कोरडी करायची, चाकांसाठीचे जोरदार द्रव कधीही वापरायचे नाहीत, आणि दोन-तीन महिन्यांनी मेटल पॉलिशचा हात फिरवून मेण लावायचं. मिठाचे रस्ते किंवा खारी हवा असेल तर याच्या दुप्पट. काही जणांना हे काम मनापासून आवडतं, आणि त्यांची चाकं वर्षानुवर्षं बघत राहावी अशी असतात. ज्यांना आवडत नाही त्यांची चाकं पहिल्याच हंगामात आधीपेक्षा वाईट दिसतात.

तुम्ही दिलेल्या माहितीवरून माझं मत सांगतो. दोन रंगांचं चाक, रोजची गाडी, उघड्यावर पार्किंग: या तिन्ही गोष्टी आरशाच्या विरुद्ध जातात. मी तुमच्या जागी असतो तर चाकं परत लेथवर नेली असती. मिलिमीटरचा काही दशांश भाग कापून नवा चंदेरी भाग काढायचा, काळ्या खोबणी रंगवून घ्यायच्या आणि त्यावर पावडरचा क्लिअर. हे एकाच चाकावर पुन्हा पुन्हा करता येत नाही, प्रत्येक वेळी धातू कमी होतो, म्हणून आधी किती वेळा कापलंय ते विचारून घ्या. क्लिअर मारण्याआधी कापलेल्या कडांची धार किंचित मोडायला सांगा. त्याने कडेवर कोट जाड बसतो आणि पोपडे सुटायला बराच जास्त वेळ लागतो.

आणि आरसाच हवा असेल, तर चारही चाकं एकदम काढू नका. स्टेपनी त्याच जातीची असेल तर ती घ्या, नसेल तर एकच चाक. त्याचा एकच स्पोक ३२० पासून पांढऱ्या वडीपर्यंत पूर्ण करा आणि गाडीवर लावून सहा आठवडे तुमच्या नेहमीच्या रस्त्यांवर, तुमच्या नेहमीच्या धुण्यात राहू द्या. त्या एका स्पोकला लागलेले तास चाकाच्या स्पोकच्या संख्येने गुणा, मग चाराने. सहा आठवड्यांनी तो कसा दिसतोय ते बघून ठरवा. परत फिरायचं असेल तर लेथचा रस्ता तेव्हाही उघडाच आहे.

चाकं परत बसवताना बॅलन्सिंग करून घ्या, कारण धुताना-घासताना आतली चिकटवलेली वजनं हलतात. हबला टेकणारी बाजू आणि नटच्या बैठकी रिमूव्हर, वडी आणि मेण यांपासून पूर्ण स्वच्छ करा. नट टॉर्क रेंचने, कंपनीने दिलेल्या आकड्याला, चांदणीच्या क्रमाने आवळा, आणि ५० ते १०० किलोमीटर चालल्यावर तोच आकडा परत एकदा तपासा.